दर्या उजव्या हाताला

खारदांडा,
२० जून १९७३

प्रिय कमळबाय,

चार वर्षांत तुला पहिलंच पत्र लिहितोय, म्हणून आधीच सांगतो, चुका काढत बसू नकोस. माझी शाळा आठवीत सुटली आणि शुद्धलेखन त्याच्याही आधी. श्यामसुंदर म्हणाला होता, आण, मी लिहून देतो. त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे, ऑफिसात दिवसभर तेच करतो. पण त्याच्या हातचं पत्र आलं असतं तर तुला वाटलं असतं, म्युनिसिपालटीची नोटीस आली. तर ऐक. आम्ही जीप घेऊन दक्षिण बघायला निघालोय. मी, बा, आय आणि श्याम. अठरा दिवस. हो, बासुद्धा. जमिनीवरून जो कधी कार्ल्याच्या एकवीरेपुढं गेला नाही, तो बा. तू गेलीस त्या दिवसापासून ज्यानं तुझं नाव घेतलं नाही आणि घरात कोणाला घेऊ दिलं नाही, तोच बा. तो जीपमध्ये पुढच्या सीटवर बसणार आहे, कारण मागं बसणं हे म्हणे खलाशांचं काम.

सुरुवात माझ्यामुळे झाली हे तू ओळखलंच असशील. तू गेल्यावर मी तीन नोकऱ्या धरल्या आणि चार सोडल्या. एकदा ट्रकवर क्लीनर होतो. ट्रक कोल्हापूरला चालला होता आणि मी परत आलो तो हुबळीहून. मधे काय झालं ते आयला अजून माहीत नाही, तूही विचारू नकोस. हुबळीला एका खानावळीत मात्र असा भात मिळाला होता की, पण ते राहू दे. आता वर्षभर मी साकीनाक्याला चंद्रप्रकाश शेठच्या गॅरेजात टिकलोय. टिकलोय म्हणजे दुपारी जेवायला गेलो की संध्याकाळच्या आत परत येतो, एवढी सुधारणा आहे. तिथं लष्कराच्या लिलावातली एक जीप दोन वर्षं गंजत पडली होती. शेठ म्हणाले, चालू करून दाखव आणि पावसाळाभर फिरव. मला कोणी फिरव म्हटलं की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तीन महिन्यांत चालू केली.

मग कांदिवलीला श्यामकडे गेलो. तुला आठवतो ना, माझ्या बाकावरचा? आपल्याकडे येऊन बोंबील खायचा आणि घरी जाताना मूठभर बडीशेप चावायचा, तो. त्याच्याकडे दक्षिणेवरचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यातून त्यानं चौदा ठिकाणं काढली. बदामीची लेणी, हंपी, बेलूर, हळेबीड, श्रवणबेळगोळ, म्हैसूर, बंदीपूरचे हत्ती, मदुरा, शेवटी कन्याकुमारी. कुठल्या देवळाला किती खांब आहेत तेसुद्धा लिहून काढलं. जसं काही आपण ते मोजून ताब्यात घेणार आहोत. पुस्तकात असंही छापलंय की जुलैत जाणे टाळावे. आम्ही जुलैत जातोय. कारण आम्हा दोघांचा बेत घरी कळला आणि बा बोलला, मी पण येतंय. बाला सवड कधी, तर होड्या वर ओढल्यावर, नारळी पुनवेच्या आत. श्याम म्हणाला, काका, पण तेव्हा तिकडे धो धो पाऊस असतो. बा त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, मग हितं काय गुलाल पडतो?

का येतोस म्हणून विचारलं, तर म्हणे कन्याकुमारीला जमीन संपते ती कशी संपते ते बघायचंय. आयनं लगेच आत चुलीपासूनच रामेश्वर जोडून घेतलं. शेवंतीमावशीलाही यायचं होतं, पण तिला पुढची सीट हवी होती, त्यामुळे ती राहिली.

आता नकाशाची गंमत ऐक. श्यामनं नकाशा ओटीवर पसरला. बानं जाळ्याचं सूत घेतलं, एक टोक खारदांड्यावर धरलं, दुसरं सरळ कन्याकुमारीवर ताणलं आणि म्हणाला, हाय काय यात? वारा बरा असला तर पाच दिवस. सूत सगळं पाण्यावरून गेलं होतं. श्यामनं समजावलं, काका, जीप रस्त्यानं जाते, रस्ता वळणं घेतो, मधे घाट लागतात. मग बानं तेच सूत रस्त्याच्या प्रत्येक वळणावर आयच्या केसांतल्या आकड्यांनी टाचून पुन्हा मोजलं. ते दुपटीच्या जवळ गेलं. बा म्हणाला, रस्ते बांधणाऱ्यांना कामं नव्हती. आणि त्यानं नियम काढला, जाताना दर्या कायम उजव्या हाताला पायजे. उजवीकडे दर्या असला की वाट बरोबर. नसला की समजायचं चुकलो. खुणेशिवाय मी कुठं जात नाय.

या नियमानं श्यामच्या यादीची वाट लागली. बदामी? तिथं दर्या कुठल्याच हाताला नाय. हंपी? तिथं तर धोंडेच धोंडे, धोंडे आपल्याकडे वरसोव्याला पण हायत. बेलूर-हळेबीड एका दमात गेलं. म्हैसूरला राजवाडा आहे म्हटल्यावर बा म्हणाला, राजानं बोलावलंय का? हत्तींवर थोडा विचार झाला, पण हत्ती कोणत्या हाताला असतील ते श्यामला सांगता येईना. जोगचा धबधबा तेवढा वाचला, कारण ते पाणी शेवटी दर्यालाच मिळतं. चौदातली तीन ठिकाणं उरली. बिचाऱ्या श्यामनं साठवलेली सगळी रजा यात घातलीय. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, यार, तुझ्या वडिलांना नक्की काय बघायचंय? मी म्हटलं, दर्या. तो म्हणाला, तो तर तुमच्या मोरीतून दिसतो.

जीपचंही सांगतो. बा ती बघायला साकीनाक्याला आला. बॉनेट उघडून दाखवत होतो, तिकडे बघितलंसुद्धा नाही. खाली वाकला, बोटांच्या पेरांनी तळ ठोकला आणि विचारलं, पाणी कुठनं येतं? मी म्हटलं, खालून नाही बा, वरून येतं, ताडपत्री जुनी आहे. दुसऱ्या दिवशी मी जेवायला गेलो असताना (जरा लांब गेलो होतो, मरोळला एक पतंगवाला आहे) बा डबा घेऊन आला आणि होडीला लावतो ते मुशीचं तेल त्यानं सगळ्या ताडपत्रीला चोपडलं. दोन हात. आता पाण्याचा थेंब आत येत नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण साकीनाक्यावरची एकूण एक मांजरं जीपवर बसून असतात आणि शेठ माझ्याशी रस्त्यापलीकडून बोलतात. श्यामच्या आईनं विचारलं, बाळा, गाडी कशी आहे? तो म्हणाला, आई, ती लांबूनच कळेल.

आयचं वेगळंच चाललंय. एक पिंप सुकट, एक पिंप बोंबील. मी म्हटलं, अगं, जिथं चाललोय तिथं पण मासे असतात. तर म्हणे, ते त्यांचे. परवा तिची ट्रंक उचलून बघत होतो, जीपमध्ये मावते का ते. वर तिची लुगडी, आणि खाली एक खणाचं परकर-पोलकं, एवढंसं, आणि चांदीचे वाळे. मी विचारलं, हे कोणाला? म्हणाली, वाटेत कोणी भेटलं तर. मी म्हटलं, रामेश्वरला दोन वर्षांची कोण भेटणार आहे तुला? तिनं ट्रंक बंद केली आणि मला बाजारातून मीठ आणायला पाठवलं. मीठ घरात होतं.

तुझी पोर दोन वर्षांची झाली हे आयला माहीत आहे, एवढं यावरून तुला कळलं असेल. मी सांगितलं. मला तुमच्या मालपेच्याच, दाजींच्या एका दोस्तानं सांगितलं, तो ससून डॉकला भेटतो. बाला कोणी सांगितलं का, मला माहीत नाही. बा अजून दाजींना 'तो फिटर' म्हणतो. तेही क्वचित, इंजिनाचा विषय निघाला तर. गंमत बघ, त्यांना घरी आणलं बानंच. होडीवर इंजिन बसवायला आलेला परका माणूस, जेवतो कुठं, झोपतो कुठं, म्हणून बाच म्हणाला होता, ये घरी. आठ दिवस जेवायला वाढलंस तू. नवव्या दिवशी इंजिन सुरू झालं आणि महिन्याभरानं तुम्ही दोघं रजिस्टर लग्न करून उभे राहिलात. बळवंतकाका नेमका तेव्हाच बोलला, महादू, इंजिनाबरोबर पोर फुकट दिलीस का? मला वाटतं, बाला तुझ्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. चार वर्षांत ते इंजिन एकदाही बंद पडलेलं नाही. दुसऱ्यांची पडतात. बळवंतकाकाचं तर दर महिन्याला पडतं. बा आपलं इंजिन रोज स्वतः पुसतो आणि पुसताना शिव्या देतो.

आता गेल्या रविवारचं. बानं श्यामला सांगितलं, किनाऱ्याची गावं वाच, एकेक, सावकाश. श्याम वाचत गेला, कारवार, अंकोला, कुमठा, होन्नावर, भटकळ, कुंदापूर, मालपे, मंगळूर. बा म्हणाला, मागं ये. श्याम म्हणाला, कुंदापूर? बा म्हणाला, लय मागं गेलास. श्याम म्हणाला, मालपे. बानं तंबाखू मळली. मग विचारलं, तिथं पुस्तकात काय दिलंय? श्यामनं पान उलटलं. त्याला सगळं माहीत आहे, तुझ्या लग्नाचे पेढे त्यानं आणि मीच चोरून खाल्ले होते. पुस्तकात मालपेवर एक ओळ आहे फक्त. पण तो पानाकडे बघत खुशाल वाचल्यासारखं बोलायला लागला, काका, इथं बंदर प्रेक्षणीय आहे, प्रवाशांनी किमान दोन दिवस मुक्काम करावा. ज्या माणसानं आयुष्यात ऑफिसला उशिरा गेल्याचं खोटं कारण दिलं नसेल, तो. बा म्हणाला, पुस्तकात हाय म्हटल्यावर करायला पायजे.

तर हे पत्र का, ते सांगतो. काल संध्याकाळी बा जाळं विणता विणता, मान वर न करता म्हणाला, हऱ्या, जिथं जिथं उतरणार तिथं आधी कागद धाडून ठेव, कोणाच्या दारात न सांगता जाऊ नये. मी म्हटलं, बा, बाकी सगळीकडे धर्मशाळा आहेत, त्यांना कशाला पत्र? तो म्हणाला, मग जिथं धर्मशाळा नाय तिथं धाड. मी म्हटलं, काय लिहू? त्याची जाळ्याची सुई चालत राहिली. मग म्हणाला, लिही, जावई कामावर नसतील असा वार कुठला ते कळवा. जावई म्हणाला, कमळबाय. आय आतून भांडं घेऊन बाहेर आली होती ती तशीच आत गेली. जाळ्याचे तेव्हा विणलेले सगळे डोळे चुकले होते, नंतर त्याला ते उसवावे लागले. मी विचारलं, आणि उत्तर आलं नाही तर? तर म्हणाला, तिचाही राग असंल, त्याला काय इलाज. मग श्यामच्या पुस्तकानं जाऊ. म्हणजे आता सगळं तुझ्या एका कार्डावर आहे. आम्ही दहा तारखेला निघतोय, तेवढ्यात कार्ड येऊ दे, दोन ओळींचं चालेल, वार तेवढा स्पष्ट लिही. नाहीच लिहावंसं वाटलं तर तुला बोलणार नाही, पण मग बा चारशे पायऱ्या चढून बदामीची लेणी बघणार आणि प्रत्येक पायरीवर मला विचारणार, दर्या कुठं हाय रे? त्याला मी काय सांगू, तेही कळव.

तुझाच,
हऱ्या