आधी कंडेन्सर

प्रिय भाऊ,

माझं हॅम रेडिओचं लायसन आलं. आज सकाळी तुझा व्हॉल्व्हचा जुना रेडिओ सेट माळ्यावरून खाली काढला, आणि त्याचे स्क्रू काढायच्या आधी तुला लिहायला बसले. तू गेल्यापासून आईने त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता.

तुझ्या लायसनच्या परीक्षेआधी आपण सक्करदऱ्याच्या तलावाकाठी फिरायचो, आठवतं? पुस्तक माझ्या हातात, उत्तरं तुझ्या तोंडी. अडलास की चिडायचास. "हे सगळं डोक्यात काहून कोंबायचं वं? पुस्तक पळून चाललं का?" तुझं पाठ करून घेता घेता मलाच सगळं पाठ झालं.

खरं सांगू? तुझं फारसं चुकत नव्हतं. अँटेनाच्या लांबीचं सूत्र मी आजही पुस्तक उघडूनच बघते. पास झाल्यावर निम्मं विसरले, आणि त्याने काही बिघडलं नाही.

पण एक उत्तर तू जराही न अडखळता दिलं होतंस. सेट बंद केला, प्लग काढला, तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ती आधी उतरवायची, मगच आत हात घालायचा. मी "बरोबर" म्हणून पान उलटलं होतं.

मग त्या रविवारी तू प्लग काढलास आणि सरळ हात घातलास. कसली घाई होती रे? रेडिओवर भोपाळच्या दोस्ताशी बोलता बोलता सेट बंद पडला, एवढंच ना? तो थांबला असता. मला तुझा राग येतो, अजून येतो.

आई दारात उभी आहे. मघाशी म्हणाली, "एवढं जाडं पुस्तक तुले याद राहीन का वं?"

"सगळं नाही राहत, आई. पण हे राहीन." मी तिला स्क्रू काढायचा लाकडी मुठीचा पेचकस दाखवला. त्याच्या दांडीला वायर बांधून दुसरं टोक सेटच्या पत्र्याला जोडलंय. साठलेली वीज त्याने कशी उतरवायची, ते तिने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "हे त्याले मालूम होतं?"

मी हो म्हणाले. ती दारातून हलली नाही.

इतक्या वर्षांत तो कंडेन्सर केव्हाच रिकामा झाला असेल. तरी आज, आणि पुढेही दर वेळी, आधी पेचकस लावीन, मग हात. आई बघत असो वा नसो. आणि सेट सुरू झाला की पहिली हाक भोपाळला देईन. तू बोलता बोलता गप्प का झालास, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तुझी,
बेबी