यतिनने हात वर केला तेव्हा

शनिवार, २० सप्टेंबर २०२५

पाय ठणकताहेत. ॲडलेडच्या वरच्या बाजूला, हॅलेट गावाच्या उत्तरेला आज एकोणीस किलोमीटर चाललो – सगळी मेंढ्यांची पॅडॉक्स, म्हणजे कुरणं, एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणावर. यतिन दर कुंपणाला थांबतो. फोटो काढतो, मेंढ्यांशी मराठीत बोलतो. बावीस वर्षांची मैत्री. मेलबर्नला आलो तेव्हा याच्याच हॉलमध्ये गादी टाकून तीन महिने नोकरी शोधली. तरी आज त्याचा आवाज नको झाला होता.

रविवार, २१ सप्टेंबर

उद्या सव्वीस किलोमीटर. चारच्या आत मुक्कामाची झोपडी गाठायची. वॉकिंग ग्रुपवर तसं टाकूनही बसलोय.

सोमवार, २२ सप्टेंबर

लिहवत नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

हॉस्पिटलचं कॅन्टीन. यतिनला ऑपरेशनला नेलंय. घोटा दोन ठिकाणी मोडलाय.

नीट लिहितो. निदान इथे तरी.

काल सकाळपासून मी पुढे, तो मागे. दोनदा थांबलो त्याच्यासाठी. तिसऱ्यांदा तो हसत हसत आला आणि म्हणाला, "चारू, घड्याळ काढून ठेव ना रे." मी चिडलो. त्यानंतर थांबलोच नाही.

साडेअकराच्या सुमाराला चढावर पोचलो आणि मागे वळून पाहिलं. खाली कुंपणाची लाकडी शिडी, आणि शिडीपाशी यतिन. बसलेला. त्याने हात वर केला. हलवला नाही. नुसता वर धरला.

मला दिसला. स्पष्ट दिसला. मनात आलं, आता पुन्हा खाली उतरा, त्याचा फोटो काढा, पुन्हा हा चढ चढा. आणि मी न पाहिल्यासारखं करून पलीकडे उतरलो.

तीन चाळीसला झोपडीत. टाकीचं पाणी प्यायलो, चहा केला. ॲडलेडच्या दोन रिटायर्ड बायका होत्या तिथे. त्यांनी विचारलं, तुझा मित्र कुठे? म्हटलं, नो वरीज, तो निवांत येतो. साडेचारला पुन्हा विचारलं. मी तेच सांगितलं. शेवटी त्यांनीच बूट चढवले, तेव्हा मीही उठलो – लाज वाटली म्हणून, काळजीने नाही. हेही लिहायलाच हवं.

अर्धा किलोमीटर गेलो असू. समोरून एक यूट आली, मागे उघडा हौदा असलेली शेतावरची गाडी. मेंढ्या बघायला निघालेल्या शेतकऱ्याला यतिन सापडला होता. पुढच्या सीटवर होता तो, शेतकऱ्याचं जॅकेट पांघरून, ओठ निळे. शिडीवरून पाय सटकला होता. फोनला रेंज नाही. साडेपाच तास त्या वाऱ्यात पडून होता, शिट्टी वाजवत. थंडीने जबडा आखडल्यामुळे त्याला बोलताही येत नव्हतं.

शेतकऱ्याने मला विचारलं, "डिडंट यू सी हिम, मेट?"

मी म्हणालो, नाही.

यतिन काचेतून बाहेर बघत होता.

बुधवार, २४ सप्टेंबर

घरी फोन केला. बायकोला, मेधाला सांगितलं की अंतर पडलं, मला कळलंच नाही. फोन स्पीकरवर होता. मागून मुलाचा, वेदचा आवाज आला, "सो यू जस्ट लेफ्ट हिम?" मेधा त्याला गप्प बस म्हणाली. सतरा वर्षांचा आहे. त्याने फक्त विचारलं.

गुरुवार, २५ सप्टेंबर

विनीता मेलबर्नहून आली. मला वाटलं होतं, यतिनच्या बायकोसमोर उभं राहणं हेच सगळ्यात अवघड असेल. पण तिने जवळ घेतलं मला! म्हणाली, तो सांगत होता, मीच चारूला पुढे जा म्हटलं, तो ऐकतच नव्हता. मग म्हणाली, "तू होतास म्हणून बरं."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं मी. तिने पिशवीतून दशम्यांचा डबा काढला, रात्री जागून केलेल्या, माझ्यासाठीही. मी खाल्ल्या. तीन खाल्ल्या.

यतिन असं का म्हणाला? शुद्धीत नव्हता? की त्याला खरंच वाटतंय की मी पाहिलं नाही?

शनिवार, २७ सप्टेंबर

वेरिबीला घरी पोचलो. ग्रुपवर सगळे विचारताहेत. तनयने लिहिलंय, "लकी यतिन, विथ अ मेट लाइक यू." खाली अकरा थम्स-अप.

ग्रुप सोडला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

यतिनला घरी सोडलंय. भेटायला म्हणून दोनदा गाडी काढली. दोन्ही वेळा त्याच्या रस्त्याच्या तोंडापासून परत आलो.

रविवार, ५ ऑक्टोबर

विनीता भाजी आणायला गेली होती. सांगितलं यतिनला. तुझा हात दिसला होता मला.

"माहितीये," तो म्हणाला. "तू वळलास तेव्हा तुझा चेहरा दिसला मला."

मग विनीताला खोटं का सांगितलंस?

प्लास्टरमधला पाय त्याने उशीवर नीट ठेवला. मग म्हणाला, "खरं कळलं तर ती तुला पुन्हा दारात उभं करणार नाही. आणि मला इथे दुसरं कोण आहे रे?"