चार बोटं माती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौपन्न, पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त करणारा, गल्लीत ‘मोजपट्टी’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. दबाव म्हणाल तर फक्त पत्नीचा होता, आणि तो ‘हे असलं काही लिहू नका’ असा होता. वकिलाने निम्मी कलमं गाळायला सांगितली. मी वकीलच गाळला आणि कायद्याचं पुस्तक आणून स्वतः वाचलं. पंपसुद्धा मी असेच शिकलो.

१. राहतं घर, बँकेतली ठेव आणि दुकानाचा गाळा माझ्या पश्चात पत्नीस मिळावा. शेजारी राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने ‘बायकांना व्यवहारातलं काय कळतं’ म्हणत मध्ये पडू नये. घर बांधताना तो असाच मध्ये पडला होता. न्हाणीघराचा उतार तेव्हापासून दाराकडे आहे.

२. मागच्या अंगणातला लिलीचा वाफा आणि बागेची सर्व हत्यारं थोरल्या भावाच्या सुनेस द्यावीत. खुरप्याची मूठ मी माझ्या हातासाठी तासलेली आहे. तिला मोठी पडेल. सवय होईल, तासू नये.

सुनेलाच का, हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी डोकं खाजवायला नको.

ही लिली मी बी पेरून केलेली आहे. तांबडी, पाकळीच्या मधोमध पांढरी रेघ. बी पेरल्यापासून पहिलं फूल बघेपर्यंत माझे केस पिकायला लागले. पुढे वाफा दाटला. कंदाला कंद चिकटले, की पान निबर होतं आणि फूल लहान येतं. त्या वर्षी पानं पिवळी पडली की वाफा मोकळा करायचा, असं मी ठरवलं होतं. त्याआधीच पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मला दवाखान्यात राहावं लागलं. परत आलो तर वाफ्यात खड्डे. थोरल्याने मदत म्हणून सगळं उकरलं होतं, तेही झाड ऐन फुलात असताना. जाडजूड कंद उचलून त्याने भिंतीपलीकडे आपल्या अंगणात लावले होते. त्यांच्या अंगाला फुटलेली छोट्या कंदांची पिल्लं ‘बारीक आहेत, कशाला हवीत’ म्हणून कचऱ्यात. मी विचारलं, तर म्हणाला, तुझंमाझं काय वेगळं आहे का.

तोवर वेगळं नव्हतं. त्या दिवसापासून आहे.

सून तेव्हा लग्न होऊन नुकतीच आली होती. मोटार चालवायला शिकवते ती. तिने पिल्लं कचऱ्यातून वेचली आणि भिंतीवरून डोकावून मला विचारलं, काका, ही कशी लावायची? मी सांगितलं. बुडाला जखम असेल तिथे राख लाव, सावलीत सुकू दे, नवा कोंब दिसेपर्यंत पाण्याला हात आखडता ठेव, आणि लावताना कंदाची मान मातीच्या वर राहू दे. तिने रंगाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून गच्चीवर लावली. आज तिच्या डब्यांमध्ये फुलं मावत नाहीत. सासऱ्यांना ही रीत सांगू का, असं तिने एकदाच विचारलं. मी म्हणालो, त्यांनी विचारलं तर सांग. त्यांनी विचारलेलं नाही.

३. चौकातला नर्सरीवाला माझ्याकडून दोन कंद प्रेमाने मागून घेऊन गेला आणि त्यावर ‘परदेशी जात’ अशी पाटी लावून बसला. त्यालाही मी विसरलेलो नाही. त्याला वाफ्यातलं एक पिल्लू द्यावं, मात्र बुडाच्या वरून कापून. बूड नसलेल्या पिल्लाला मुळं फुटत नाहीत. पाटी त्याने खुशाल लावावी.

४. थोरल्या भावास काहीही नाही.

त्याने ते कंद बटाटे पुरतात तसे पुरले. खोल, वर माती दाबून, वर पुन्हा विटांची कड. दर वर्षी भाराभर पानं येतात. फूल एक नाही. पहिल्या वर्षी तो थांबला. दुसऱ्या वर्षी खत घातलं. नंतर सुनेच्या डब्यांकडे बघून, गच्चीवर ऊन जास्त मिळतं म्हणून फुलं येतात असं ठरवून, त्याने फळांनी लगडलेलं लिंबाचं झाड छाटलं. मी भिंतीवरून बघत होतो.

मग एकदा त्याच्या घरी पाहुणे होते. आम्हीही होतो. पाहुण्यांनी पानांबद्दल विचारलं, तेव्हा तो हसत मला म्हणाला, “तुझ्या घरचं काय ते वांझोटंच निघतं.”

माझी पत्नी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला, एकही कप न सांडता, आणि घरी आली. त्या अंगणात तिने पुन्हा पाऊल टाकलेलं नाही. ती म्हणते, सोडा आता. मी सोडत नाही.

म्हणून माझी इच्छा अशी, की मी गेल्यावर हे कलम सुनेने थोरल्याच्या अंगणात, त्याच पानांसमोर उभं राहून मोठ्याने वाचावं. वहिनी हजर असाव्यात. पत्नीला यायचं असेल तर खुर्ची द्यावी. वाचायचं ते असं: दादा, कंद वांझ नव्हते. तू त्यांची मान पुरलीस. चार बोटं माती बाजूला केली असतीस तर फुलं आली असती. विचारलं असतंस तर मी पहिल्याच वर्षी सांगितलं असतं.

५. माझी पहार थोरल्याकडे आहे. ती मी त्याला देत नाही. सुनेने ती त्याच्यासमोर उचलून आणावी.

६. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. माझी सही होताना पाहिली की पुरे. आणि साक्षीदाराने या कागदातून आपल्याला काही मिळेल अशी आशा धरू नये. म्हणून पहिला साक्षीदार मी थोरल्या भावासच केलं आहे. कलम चार ऐकताना खाली स्वतःची सही आहे, हे त्याला ठाऊक असावं.

ठिकाण: राहतं घर, मागचा ओटा
दिनांक: ९ डिसेंबर

सही: मोजपट्टी

साक्षीदार १: थोरला भाऊ (सही)
साक्षीदार २: शेजारचा इस्त्रीवाला (सही)

टीप. ही सह्यांनंतर लिहिली आहे. पुस्तकाप्रमाणे हिला काही किंमत नाही.

इस्त्रीवाला गेल्यावर थोरला ओट्यावरच बसून राहिला. गुडघे चोळत म्हणाला, त्या पानांना मी अजून रोज पाणी घालतो. मग म्हणाला, “काय चुकतंय रे माझं?”

इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदा विचारलं. मी म्हणालो, कागदात लिहिलंय.

“म्हणजे तू मेल्यावर कळणार.”

मी हो म्हणालो. आत पत्नीने भांडी घासायची थांबवली होती.

कलम चारमधला शब्दही मी बदललेला नाही. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“मग राहू दे,” तो म्हणाला. “मला घाई नाही.”