आठवी ब चे कण

सोमवार, १२ जानेवारी
रसायनशास्त्र माझ्याकडे आलं. रोवेना मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. प्राचार्य फ्लोरदेलिझा मॅडमनी स्टाफरूमभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या होत्या हा भाग वेगळा. माणूस पारखता आला पाहिजे.
आठवी ब. धडा पदार्थाच्या अवस्थांचा. स्थायू, द्रव, वायू. तीनच तर आहेत. असं शिकवायचं की विषय कायमचा माझ्याकडे राहील. उन्हात शिट्ट्या फुंकून पीटी घेण्यात गुडघे गेले. आता पंख्याखाली.
संकल्प: रोज पुस्तकाचं एक प्रकरण वाचणे. उद्यापासून.

मंगळवार, १३ जानेवारी
वाचन नाही. बॅडमिंटनचं नेट फाटलं होतं, ते शिवत बसलो. शिवाय फार वाचून गेलं की शिकवण्यातला ताजेपणा जातो.
पाण्यात मीठ टाकून दाखवलं. मीठ वितळलं, असं सांगितलं. पहिल्या बाकावरची जोव्हलिन राफानान उठली. हिच्या बापाचं मिठागर आहे. सर, वितळलं की विरघळलं? एकच, म्हटलं. ती म्हणे, वितळायला तापवावं लागतं ना, हे तर गार पाणी आहे. घरी मीठ पिकलं की मुलं आगाऊ होतात. फळ्यावर ‘वितळणे = विरघळणे’ असं लिहून विषय संपवला. सगळा वर्ग पुस्तकं उघडून बसला. अशी शांतता रोवेना मॅडमच्या तासाला नसते.

गुरुवार, १५ जानेवारी
साखर. पाण्यात गेली की नाहीशी होते, असं सांगितलं. जोव्हलिन: मग गोड कशानं लागतं? पाण्याला तिची आठवण राहते, म्हटलं. उत्स्फूर्त सुचलं. पुन्हा सगळ्यांची पुस्तकं उघडली. माझ्या तासाला मुलं वाचतात. प्राचार्यांनी नोंद घ्यायला हवी.

शनिवार, १७ जानेवारी
बातमी: जिल्ह्याच्या ऑफिसातून विज्ञानाचे साहेब वर्ग बघायला येणार. ते खूश झाले तर विषय माझा.
योजना: साखरेचा मोठा स्फटिक. गरम पाण्यात मावेल तेवढी साखर विरघळवली, दोरा सोडला. (विरघळवली. वितळवली म्हटलं तरी चालेल.) बायकोनं, मिलाग्रोसनं विचारलं, सिक्स्तो, साखर गेली कुठे? विज्ञानाला, म्हटलं. मग संध्याकाळची कॉफीही विज्ञानाकडेच माग, म्हणाली. आमच्या घरात शास्त्रीय वातावरण नाही.

बुधवार, २१ जानेवारी
स्फटिक नाही. मुंग्या आहेत. मिलाग्रोसचं म्हणणं, सारखं भांडं हलवून बघतोस, खडा धरणार कसा? मी हलवत नव्हतो, देखरेख ठेवत होतो. दोरा मुंग्यांनी जाड झालाय. लांबून स्फटिकासारखा दिसतो, पण साहेब जवळून बघतील.
नवी योजना, ही नामी आहे. मुलांनाच कण करायचं. स्थायू: खांद्याला खांदा लावून जागच्या जागी थरथरायचं. द्रव: एकमेकांना न सोडता सरकायचं. वायू: शिट्टी झाली की सुटायचं, जागा मिळेल तिकडे. रसायन आणि पीटी एकत्र. आजवर कुणाला सुचलं नसेल.

शुक्रवार, २३ जानेवारी
तालीम. स्थायू उत्तम. द्रव बरा, मारामारी झाली. वायूतले दोन कण आंब्यावर चढले. तत्त्वतः बरोबरच आहे.

मंगळवार, २७ जानेवारी
साहेब दहाला यायचे होते. त्याआधी एकदा घोटून घेऊ म्हटलं. थेट वायूची शिट्टी दिली. फाटक उघडं होतं.
सगळा वायू रस्त्यापलीकडे बर्फगोळे विकणाऱ्या पासिंग आजींच्या गाडीवर. मी धावत जाऊन फाटक लावलं, निदान उरलेले जाऊ नयेत. उरलं कुणी नव्हतं.
तेवढ्यात एक छत्रीवाले गृहस्थ आले, फाटक उघडा म्हणाले. शाळेच्या वेळेत विक्रेत्यांना बंदी आहे, असं मी ठणकावलं. त्यांनी बॅग दाखवली. म्हटलं, तेच म्हणतोय मी. गृहस्थ मुकाट्यानं आजींच्या गाडीकडे वळले. शिस्त म्हणजे शिस्त.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत फाटकावर उभा राहिलो. साहेब आलेच नाहीत. सरकारी माणसं.
मुलं गारठलेल्या जिभांनी परतली. छत्रीवाले काका फार छान होते म्हणे. गार सरबतात साखर तळाशी का बसते, बर्फात मीठ घातलं की काय होतं, असं विचारत होते. सगळ्यांनी धडाधड उत्तरं दिली. एवढं शिकवलं कुणी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा जोव्हलिन म्हणाली, “सर काहीही सांगतात, मग आम्हाला पुस्तक वाचावंच लागतं.”
मुलगी वाईट नाही. माझं नाव घेतलं.

बुधवार, २८ जानेवारी
प्राचार्यांनी बोलावलं. छत्रीवाले तेच साहेब होते.
त्यांचा शेरा आला आहे. मॅडमनी माझ्यासमोर मोठ्यानं वाचला, मध्ये दोनदा पाणी प्यायल्या. मुलांची समज उत्कृष्ट. मुद्दाम चुकीचं सांगून मुलांना पुस्तकाकडे वळवण्याची शिक्षकांची पद्धत स्तुत्य. शिक्षकांची भेट होऊ शकली नाही. फाटकावरचा माणूस उद्धट आहे, तो ताबडतोब बदलावा.
आपल्या फाटकावर माणूसच नाही, असं मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की या दोघांतल्या कुणाला ठेवू.
“शिक्षकालाच ठेवा,” मी म्हणालो.
“ठेवते,” त्या म्हणाल्या, “आधी सापडू दे.”