दंडावरचं इंजेक्शन

आई, रविवारी ताईकडे गेलो होतो, मुलुंडला. घरात कुणी गेल्यासारखी शांतता. तुझी नात तोंड फुगवून सोफ्यावर बसलेली. मेडिकलला नंबर लागलाय तिचा. वॉर्डात पाय टाकायच्या आधी बी काविळीच्या लसीचे तीन डोस घ्यायचे आणि रक्त तपासून बघायचं, असं आहे आता. तिने घेतले तिन्ही. रिपोर्ट आला, तर लस लागलीच नाही. "मामा, मी नॉन-रिस्पॉन्डर आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मी शाळेत दहा वर्षं तेच होतो. मास्तर विचारायचे, मी गप्प." ती जरा हसली. मग ताई आतून चहा घेऊन आली आणि सहज बोलून गेली, "रडतेस काय? होतं असं काही जणांचं. परत कोर्स घ्यायचा. मला तरी कुठे तुझ्या आजीच्या हातचे तीन डोस लागले होते?" मी चहा ढवळत राहिलो. साखर कधीच विरघळली होती.

आजीच्या हातचे. एवढी वर्षं झाली तुला जाऊन, घरात अजून हेच बोलतात. राग नाही गं कुणाला, असंच बोलतात. म्हणून हे लिहितोय. माझं अक्षर तुला माहीत आहे, सांभाळून घे.

पंच्याऐंशी साल असेल. आपण भटवाडीच्या चाळीत, तू नर्सिंग होममध्ये सिस्टर. त्या पावसाळ्यात तुझ्याबरोबरची सिस्टर गेली. सुईला टोपण लावताना बोटात टोचली, तेवढंच. मग कावीळ, मग पोट फुगलं, मग गेली. तिला पोचवून आलीस त्या दिवशी तू मोरीत कितीतरी वेळ हात धूत होतीस. भाकऱ्या केल्यास, त्यात मीठ नव्हतं. मी बोलणार होतो, पण बाबांनी डोळ्यांनीच दटावलं. जेवण झाल्यावर तू ताईला म्हणालीस, "बाय, डॉक्टर व्हायचंय ना तुला? मग ती लस घेऊन हो. नायतर नको होऊ." लस तेव्हा बाहेरून यायची, सहज मिळायची नाही. तुझ्या डॉक्टरांनी कुठून तरी मिळवून दिली. तुला स्वतःला कुणी दिली नव्हती, आणि तू मागितलीही नाहीस.

पहिला डोस फेब्रुवारीत ठरला, ताईच्या बारावीच्या तोंडावर. मी नववीत, दुसऱ्यांदा. घरात सगळीकडे ताईची पुस्तकं, आवाज करू नको, रेडिओ लावू नको. कंटाळलो होतो. मग आदल्या संध्याकाळी मी उजवा हात लोंबकळत ठेवून घरात शिरलो. वरणभात डाव्या हाताने खाल्ला, अर्धा अंगावर सांडला. ताईने विचारलं, "काय रे झालं?" मी म्हटलं, "शाळेत धनुर्वाताचं दिलं, दंडात. पेन धरता येत नाय. वरच्या मजल्यावरच्या पोराचा हात तर आठ दिवस सुजला होता. तुझं काय बाबा, तुला तर आकृत्या काढायच्यात." शाळेत कसलंच इंजेक्शन नव्हतं. वरच्या पोराचा हात ठणठणीत होता, दिवसभर गोट्या खेळत होता तो. ती झोपल्यावर मी गोधडीत तोंड खुपसून हसलो.

दुसऱ्या दिवशी तू येतेस, लाल थर्मासात बर्फ, बर्फात ती बाटली. सिरिंज उकळतेस. ताईची बाही वर सारतेस, दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतेस, आणि ताई म्हणते, "आई, हात नको, कमरेवर दे. लिहायचंय मला." तू बोळा खाली ठेवतेस. "बरोबर हा," म्हणतेस. "हाताक त्रास नको." मी दारात उभा, ओठ दाबून. तेव्हा कमरेवर काय आणि हातावर काय, कुणालाच फरक माहीत नव्हता. दुसरा डोस मार्चात, तिथेच. तिसरा ऑगस्टात, तेव्हा परीक्षा नव्हती, ताईचा मेडिकलला नंबरही लागला होता. पण तू म्हणालीस, दोन तिथे दिलेत, तिसरंही तिथेच.

आणि मग रक्ताचा रिपोर्ट. शून्य. काहीच लागलं नाही. तू तो कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का बघितलंस. आधी म्हणालीस, बर्फ कमी पडला असणार. तो लाल थर्मास दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला दिलास, चांगला होता. मग म्हणालीस, "माझाच हात." पूर्ण चाळीत तुझ्या हाताचं नाव होतं गं. डॉक्टरने लिहून दिलेली सुई घेऊन बायका आपल्या दारात यायच्या, काकू, तुम्हीच टोचा, तुमचा हात हलका. त्या महिन्यापासून तू सांगायला लागलीस, दवाखान्यात जावा. ताईला म्हणालीस, नाव काढून घे, बीएस्सी कर. ती दोन दिवस जेवली नाही. शेवटी तुझ्या डॉक्टरांनी समजावलं, पहिल्या वर्षाला पेशंट नसतात, नुसती पुस्तकं आणि मढी, तोवर बघू काहीतरी. तू हो म्हणालीस. पण रोज संध्याकाळी ती घरी आली की ट्यूबलाइटखाली उभी करायचीस, खालची पापणी ओढायचीस, डोळा पांढरा आहे ना बघायचीस. मग दहाही बोटं तपासायचीस. मगच चहा.

मला त्यातही गंमत सुचली. गणपती नुकतेच उठले होते, मंडळाच्या डेकोरेशनचा पिवळा जिलेटिन कागद उरला होता. तो मी ट्यूबला गुंडाळला. झकास बसला होता. ताई आली. तू पापणी ओढलीस, आणि तुझा हात तिथेच राहिला. दुसरा डोळा बघितलास. ताई विचारतेय, "आई, काय गं?" तू खाली बसलीस, भिंतीला धरून. मी हसलो, मोठ्याने. मग तुला तुझा स्वतःचा तळहात दिसला, तोही पिवळा. तू वर बघितलंस. मला वाटलं आता लाटणं. तू स्टूल घेतलंस, चढलीस, कागद सोडवलास, त्याच्या चार घड्या केल्यास आणि माझ्या हातात दिलास. "हसून झाला?" म्हणालीस. "त्या सिस्टरचे डोळे मी मिटलेत रे. ह्या हातान. अशेच होते." मारलं असतंस तर बरं झालं असतं. तेव्हाच सांगायला हवं होतं मी, कमरेवरचं माझ्यामुळे झालं म्हणून. पण मलाच कुठे माहीत होतं, की त्यानेच झालं?

ते कळलं दीड वर्षाने, ताईचे वॉर्ड सुरू व्हायच्या आधी. तू जेवताना सांगितलंस. डॉक्टर म्हणाले, ही लस दंडाच्या स्नायूत द्यायची. कमरेला चरबीत अडकून राहते, अनेकांना लागत नाही. बाबा म्हणाले, "मग तुझा काय दोष?" तू म्हणालीस, "पोरीन मागितलान म्हणून दिलंय. पोर ती. नर्स मी होते ना?" ताई मान खाली घालून बसली. मी आमटी ओरपत होतो. तोंड भरलेलं होतं, म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ताईने परत तीन घेतले, दंडात, पण तुझ्या हातचे नाही. तू दुसऱ्या सिस्टरला द्यायला लावलेस आणि खोलीबाहेर उभी राहिलीस. ते लागले. तू देवापुढे पेढे ठेवलेस. सिरिंजची डबी मात्र फळीवरच राहिली.

मग माझा खिळ्याचा प्रकार. मंडळाच्या मंडपात दिव्यांच्या माळा लावत होतो, बांबूवरून उडी मारली आणि गंजका खिळा तळपायात घुसला. तिथूनच ह्या लायटिंगच्या धंद्यात शिरलो, अजून तोच आहे. डॉक्टरने धनुर्वाताचं लिहून दिलं, दवाखान्यातच टोचत होते, मी बाटली घेऊन लंगडत घरी आलो. "तूच दे." तू म्हणालीस, "माझ्या हातचा लागणा नाय." मी म्हटलं, "मला कुठे मेडिकलला जायचंय? दे ना." तू खूप वेळ सिरिंज उकळलीस. मी उजवी बाही वर केली, दंडावर. तू दोनदा बोळा फिरवलास. सुई आत गेली तेव्हा तू डोळे बारीक केले होतेस. "दुखला?" मी म्हटलं, "दिलंस पण? कळलंच नाही." तू माझ्याकडे बघितलंस आणि हसलीस, दोन वर्षांत पहिल्यांदा नीट. आठवड्याने वरच्या मजल्यावरची काकू शक्तीचं इंजेक्शन घेऊन आली, आणि तू तिला आत ये म्हणालीस. मग शेवटपर्यंत देत राहिलीस, शुगरने डोळे गेले तोवर.

चाळ आता नाही, टॉवर झालाय. तुझी स्टीलची डबी माझ्याकडे आहे, सिरिंज कधीच फुटली. हे कागद तिच्यात घडी करून ठेवतोय. ताईला अजून काही सांगितलेलं नाही. पोरीच्या परतच्या कोर्सचा पहिला डोस पुढच्या सोमवारी आहे, मी सोबत जाणार आहे, बघू.

एकच राहिलं. त्या दिवशी तुझं इंजेक्शन दुखलं होतं गं, खूप. दोन दिवस हात खांद्याच्या वर जात नव्हता. डाव्या हाताने जेवलो, आणि तुला दिसू नये म्हणून ताट घेऊन बाहेर पायरीवर बसलो होतो.