पारव्याची दोन अंडी

तीर्थरूप बाबांना थोरल्याचा वाकून नमस्कार,

आईला सांगा, मी वेळेवर जेवतो. सोमवारी दोरावरून इमारतीच्या काचा पुसत उतरताना नवव्या मजल्याच्या कठड्यावर पारव्याचं घरटं दिसलं, आत दोन अंडी. तेवढी काच मी सोडून दिली. खालून मुकादम ओरडला, "पारव्यांनी जावई करून घेतलंय का रे तुला?" सगळे हसलो.

चौथ्या मजल्यावरच्या आजीबाई आतून बोटाने मला डाग दाखवतात. मंगळवारी डाग त्यांच्याच बाजूला निघाला. काय लाजल्या!

आईचा गुडघा कसा आहे? धाकटीचे पेपर संपले का?

बाबा, आईला वाचून दाखवताना इथेच थांबा. खाली नुसता नमस्कार आहे म्हणा.

बुधवारी माझा जोडीदार दुसऱ्या मजल्यावरून पडला. जीव वाचला, पण कंबर मोडली. उतरण्याआधी आम्ही एकमेकांच्या दोराची गाठ ओढून बघतो. त्या सकाळी मी त्याला घरट्याचं सांगत बसलो आणि त्याची गाठ ओढायची राहिली. हे कुणालाच माहीत नाही. आता दोराला हात लावायचीही भीती वाटते. त्याने उद्या मला दवाखान्यात भेटायला बोलावलंय, त्या भेटीची तर त्याहून भीती वाटते.

विहिरीच्या कामात काकांच्या हातून दोर सुटून तुमचा पाय मोडला होता. ते तुम्हाला भेटायला आले तेव्हा आधी काय बोलले? पत्र पोचेपर्यंत मी जाऊन आलेलो असेन. तरीही लिहा.

तुमचा,
थोरला