पुराआधीच्या एक्केचाळीस बाटल्या

सोमवार, ७ जानेवारी २००२. सकाळी १०.४०

कॉलेजच्या म्युझियमच्या खोलीत, खिडकीजवळच्या स्टुलावर. कमी झालेलं स्पिरिट बाटल्यांत भरत होतो. तिसऱ्या कपाटातली वांब माशाची बाटली हातात घेतली. आतली चिठ्ठी कोरी.

उलटी केली. मागूनही कोरी. स्पिरिटला किंचित निळी झाक.

ही चिठ्ठी मी लिहिलेली. दिवाळीनंतर, बॉलपेनाने. शेजारची बाटली काढली. तीही. तिसरीत ‘मुळा न’ एवढंच. नदी गेली.

जेवलो नाही. खोलीला कुलूप लावून पुन्हा उघडलं, पुन्हा पाहिलं. तसंच.

मंगळवार, ८ जानेवारी

मोजलं. मी बदललेल्या चिठ्ठ्या ९०. अजून वाचता येतात अशा ४९. त्या सगळ्या आज पेन्सिलीने पुन्हा लिहून आत टाकल्या. कोऱ्या ४१.

जुन्या चिठ्ठ्या पेन्सिलीच्याच होत्या. पिवळ्या, कडा झिजलेल्या, पण पन्नास वर्षं स्पिरिटात राहून अक्षर जसंच्या तसं. मला वाटलं, कुणीतरी कच्चं लिहून ठेवलंय, पक्कं करायचं राहिलंय. शाळेत हेच शिकवलं होतं, पेन्सिल कच्च्या कामाला, पेन पक्क्या कामाला. गद्रे सर एवढंच म्हणाले होते, “चिठ्ठ्या मळल्यात, स्वच्छ लिहून काढ. तुझं शुद्धलेखन चांगलं आहे.”

लिहून काढल्या. शुद्धलेखन दोनदा तपासलं. जुन्या बादलीत टाकल्या.

गुरुवार, १० जानेवारी

पुरानंतरच्या बाटल्यांची नोंदवही आहे. आधीची वही पानशेतच्या पुरात गेली, त्या बाटल्यांना चिठ्ठी हाच आधार. आणि मी नेमक्या त्याच आधी घेतल्या, कारण त्याच जास्त मळक्या दिसत होत्या.

बॉलपेनाचा ओरखडा कागदावर राहतो. चिठ्ठ्या टीपकागदावर वाळवून खिडकीत तिरक्या धरल्या. दुपारी तीन ते चार ऊन बरोबर येतं. आठ लागल्या. ‘खडकवासला, धरणाखाली.’ ‘मुळा, औंधचा पूल.’ बाकीच्यांवर काही नाही. भंडाऱ्याला आमच्या गुरुजींनी हात हलका ठेवायची सवय लावली. दाबून लिहिलं की छडी.

उरल्या ३३.

रात्री खोलीवर, बरोबर राहणाऱ्या सचिनला सांगितलं. तो हिंजवडीला कंपनीत डेटा एंट्री करतो. म्हणाला, “बॅकअप नाय घेतला?” बॅकअप म्हणजे काय ते विचारलं. त्याने समजावलं. 

रविवार, १३ जानेवारी

नोकरी लागल्यापासून रविवारी चिठ्ठीवरच्या गावांना जायचा नाद आहे. बाटलीत जो प्राणी, तो तिथे अजून दिसतो का बघायचं. हे शहर मला त्यामुळेच कळलं, नाहीतर धायरी ते कॉलेज एवढंच. आज मागच्या सगळ्या रविवारांच्या नोंदी काढून बसलो. चार बाटल्यांची ठिकाणं पक्की मिळाली. उरल्या २९.

एक पाचवी मिळता मिळता राहिली. २ डिसेंबरची नोंद: ‘धायरी, गावाबाहेरची विहीर, मुरा. विहीर बुजवली आहे, वर सोसायटीची पाण्याची टाकी.’ मुरा म्हणजे बोटाएवढा, तळाच्या वाळूत राहणारा मासा. पण कोऱ्या बाटल्यांत मुरे दोन आहेत. एक विहिरीतला. दुसरा कुठला ते आठवत नाही. बाटलीचं कसलंच वर्णन मी लिहिलेलं नाही. तास न् तास पाहिलं, दोन्ही सारखे.

दुपारी हिंजवडीला गेलो. पक्क्या चारांत तिथला बेडूक आहे, ‘भातखाचर’. घरात बसवेना म्हणून गेलो. काचेच्या इमारतीच्या फाटकापाशी पहारेकरी. मिशा पांढऱ्या, टोपी कंपनीची.

“कुणाला भेटायचंय?”

“कुणाला नाही. इथे पूर्वी भात व्हायचं का?”

“व्हायचं की. आमचंच व्हतं. तुम्ही उभं हाय तिथं बांध.”

“बेडूक?”

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हायत. पावसाळ्यात खाली गाड्या लावत्यात तिथं येत्यात. साहेब लोक वरडत्यात. म्या बादलीत धरून वढ्याला सोडतो.” मग म्हणाला, “पर ते कशाला पायजे?”



बुधवार, १६ जानेवारी

सरांना सांगितलं.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पगार नाही, तरी दर बुधवारी येतात. पुराआधीच्या बाटल्या बहुतेक त्यांनीच भरलेल्या, विद्यार्थी असताना, सायकलवर फिरून. मी बाटल्या ओळीने टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. बोलण्यापेक्षा ते बरं वाटलं.

त्यांनी चष्मा काढून एकेक बाटली डोळ्यांशी धरली. पाचव्या बाटलीनंतर थांबले.

“जुन्या चिठ्ठ्या?”

“बादलीत टाकल्या.”

“कधी?”

“नोव्हेंबरात.”

“जुनी चिठ्ठी कधी काढायची नसते रे. नवी तिच्या शेजारी घालायची. बाटलीत चार झाल्या तरी चार.” आवाज चढला नाही. “हे मी तुला सांगितलं नव्हतं?”

नव्हतं सांगितलं. पण मी म्हणालो, “आठवत नाही.”

विचारलं, तुम्हीच आणलेत, मासा बघून ओळखता येईल का? म्हणाले, “मासा ओळखीन. नदी कशी ओळखू? मरळ मुळेतही होती, मुठेतही होती. आता दोन्हींकडे बाहेरून आलेली चिलापी आहे. म्हणून तर ही बाटली ठेवायची.”

जाताना जिन्यात थांबले. मला वाटलं काही बोलतील. दम लागला होता.

मंगळवार, २२ जानेवारी

म्युझियमच्या खोलीत कॉम्प्युटर लॅब होणार, हे दसऱ्यापासून ऐकत होतो. आज कागद आला. दुसऱ्या एका संस्थेच्या मॅडम सोमवारी येऊन घेण्यासारखं निवडतील. उरलेलं सामान कॉलेज निकालात काढणार. १ फेब्रुवारीला खोली रिकामी हवी.

ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी बोलावलं. हेडक्लार्क आहेत, सगळं त्यांच्या कानावर असतं.

“किती कोऱ्या केल्यात आपण?”

“एकोणतीस.”

“मग भरा की. मुळा लिहा, मुठा लिहा, अगदीच अडलं तर पुणे लिहा. मासा काय साक्षीला उभा राहणार आहे?”

“खोटं होईल.”

“अहो, फेकून दिलेला खरा मासा बरा की ठेवलेला खोटा?”

 

पेन्सिलीला टोक करून बसलो. पहिली बाटली, शिंगटा मासा. ‘मु’ लिहिला. दोन्ही नद्यांचं पहिलं अक्षर तेच. तिथेच थांबलो. खोडलं.

बुधवार, २३ जानेवारी

सरांना विचारलं, काय लिहू?

“माहीत असेल ते.”

“माहीत नाही.”

“मग ते लिही.”

‘ठिकाण माहीत नाही. मूळ चिठ्ठी नष्ट.’ एकोणतीस वेळा. खाली माझी सही आणि तारीख. सही करायला सरांनी सांगितलं नव्हतं.

सोमवार, २८ जानेवारी

मॅडम अकराला आल्या. बुधवार नसूनही सर आले होते. वय पस्तिशीचं, पायात बूट, स्वतःचं भिंग. पुरानंतरच्या बाटल्या भराभर घेतल्या. पेंढा भरलेले पक्षी सगळे घेतले. माझ्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या वाचून म्हणाल्या, “अक्षर छान आहे, कुणाचं?” सर म्हणाले, “ह्याचं.” मला पळून जावंसं वाटलं.

मग त्या टेबलाशी आल्या. एक मुरा उचलून उजेडात धरला. बराच वेळ.

“हा जुना आहे. हा पुण्यात कुठे मिळाला, एवढं जरी कळलं तरी मी नेईन. काहीच सांगता येणार नाही?”

माझ्याकडे बघून विचारलं. सरांकडे नाही.

धायरी म्हणू शकलो असतो. अर्धी शक्यता होती, ‘अर्धं खरं’ असं काही असतं का माहीत नाही. तोंडात शब्द आला होता. सर खिडकीबाहेर बघत होते, मुद्दाम.

“नाही,” म्हणालो. दुसरा मुरा आहे, दोनांतला एक धायरीचा आहे, हे सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून पाहिले.

“नाही हो कळत,” म्हणाल्या. “कुठला हे माहीत नसेल तर मी नोंद कशी करू? आमच्याकडेही जागा नाही.” वाईट वाटत असल्यासारख्या म्हणाल्या. दोन्ही बाटल्या परत ठेवल्या, अगदी हळू.

सरांनी यादीवर सही केली. २९ सोडून सगळं.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

सकाळी भंगारवाला. त्याला फक्त काच हवी. मागच्या नळापाशी पहिलं झाकण काढायला लागला. म्हणालो, थांब.

“चार रुपये नग. घेतोस?” तो म्हणाला.

भाऊसाहेब पायरीवरून म्हणाले, “घेऊ दे. पगार फार झालाय त्याला.” मी टेम्पो ठरवून आणल्यावर खाली येऊन एक बाटली त्यांनी स्वतः त्यात ठेवली. 

सर आज येणार नव्हते. शुक्रवार त्यांचा नाही. त्यांना विचारलेलं नाही.

माझं कामही आज संपलं. रोजंदारीवर होतो, लॅबला माणूस लागत नाही.

रविवार, ३ फेब्रुवारी

एकोणतीसही खाटेखाली. तीन ओळी, दारापासून आत. सचिन म्हणाला, “आपण आता एकतीस जण राहतो.”

घरमालकीण काकू वास आला म्हणून वर आल्या. धायरीच्याच. वाकून पाहिलं.

“ही दारू हाय?”

“मासे आहेत.”

“मेल्यालं?”

“हो. पन्नास वर्षांपूर्वीच.”

“मग आत्ता कसली घाई झाली घरात आणायची?” जाताना म्हणाल्या, “पुढल्या रईवारपतूर ठिवा. मग मला दिसाय नकोत.”

सरांच्या घरी फोन करायला बूथवर गेलो होतो. दोनदा वाजला. उचलायच्या आत ठेवला. काय सांगणार? ठेवायला जागा आहे का, असं विचारलं तर ते हो म्हणतील, बाटल्या न्यायला स्वतः इथे येतील, आणि त्यांना जिना चढवत नाही.

टेम्पोत हिंदकळून झाकणांतून स्पिरिट गेलं आहे. मरळीची पाठ स्पिरिटाच्या वर आली.

खर्च:
बाटल्या २९, दर ४ – रु. ११६
टेम्पो, कॉलेज ते धायरी – रु. १५०
पेंढा, गोणपाट – रु. १२
एकूण – रु. २७८

त्यातले माझे रु. १२८.
देणे: सचिन रु. १००. टेम्पोवाला रु. ५०, बुधवारी येणार.
स्पिरिट: अंदाजे चार लिटर लागेल. सरकारी परवान्याशिवाय देत नाहीत. दुकानदाराने भावही सांगितला नाही.